भीमेच्या काठचा दारूगोळा

भीमेवरच्या उजनी जलाशयाचे नाव निघताच वाचकाच्या डोळ्यांसमोर रोहित पक्ष्यांचे थवे, भिगवणच्या बाजारातील मासळी आणि इंदापूर-करमाळ्याकडील उसाचे व केळीचे हिरवे पट्टे उभे राहतात. परंतु याच भीमाकाठचा बंदुकीशी, आणि विशेषतः बंदुकीचा बार आपल्या हाताने सिद्ध करण्याच्या विद्येशी, काही जुना संबंध असेल अशी शंकाही सहसा कोणास येत नाही. वस्तुतः ज्या मुलुखाने निजामशाही, आदिलशाही, मोगल आणि मराठे यांच्या फौजा सुमारे तीन शतके आपल्या अंगावरून जाता-येता पाहिल्या, त्या मुलुखास दारूचा वास अपरिचित राहणे शक्यच नव्हते. करमाळ्याला लागूनच परंड्याचा किल्ला आहे. १५४९ साली अहमदनगरास महंमद बिन हुसेन रूमी याने ओतलेली, सुमारे ५५ टन वजनाची ‘मुलूख-ए-मैदान’ तोफ तालिकोटच्या रणातून परतल्यावर दीर्घकाळ तेथेच होती. आणि १६३२ साली आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने ती विजापुरास नेली. विजापूर भीमेच्या दक्षिणेस आणि परंडे उत्तरेस, तेव्हा हे पंचधातूचे अजस्र धूड भीमा ओलांडूनच गेले असले पाहिजे. मालोजी भोसले ज्या इंदापुरी लढाईत पडले ते इंदापूर याच काठावरचे, आणि दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी सदाशिव माणकेश्वर याच्याकडे असलेले टेंभुर्णीही येथून जवळच.

पण तोफा ही राजांची गोष्ट. सामान्य शिपायाच्या, बरकंदाजाच्या वा पाटलाच्या पदरच्या माणसाच्या हाती असे ती तोड्याची बंदूक, आणि क्वचित एखाद्या मानकऱ्याच्या कमरेस तमंचा. तोड्याची बंदूक विकत किंवा वारशाने मिळत असली तरी तिचा बार मात्र कोठेही तयार मिळत नसे. तो प्रत्येक वेळी ज्याचा त्यानेच भरावयाचा असे. शिंगातून मापाने दारू नळीत ओतावी, चिंधीचा वा काथ्याचा बोळा घालावा, शिशाची गोळी सोडावी, वर पुन्हा बोळा देऊन गजाने ठासावे, कानावर रंजक घालावी, पेटता तोडा फुंकून सावध करावा आणि मग चाप ओढावा, असा तो क्रम. आणि या क्रमातील प्रत्येक पायरीवर चुकण्यास भरपूर वाव होता. दारू कमी पडली तर गोळी नेमापूर्वीच खाली झुके. अधिक पडली तर खांद्यास धक्का बसे, इतकेच नव्हे तर जुनी नळी फाटून भरणाराच जायबंदी होई. ठासणे सैल राहिले तर बार फुसका जाई. गोळी नळीच्या मापापेक्षा किंचित लहान ओतावी लागे, कारण दोन-चार बारांनंतर जळक्या दारूची काजळी आत साचून नळी अरुंद होत असे. म्हणून आपली नळी कोणते माप मागते, कोणत्या ठासणीस ती सरळ मारते आणि कितव्या बारानंतर पुसावयास हवी, हे ज्ञान कोणत्याही दप्तरात नोंदलेले नसे. ते हत्यार आणि त्याचा धनी यांच्यामधले एक खाजगी गुपितच असे. शस्त्र निवडणे आणि त्याचा दारूगोळा सिद्ध करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, ही कल्पना त्या काळच्या माणसास विचित्रच वाटली असती.

राज्यकर्त्यांनाही दारू या जिनसाचे नाजूकपण पुरेपूर ठाऊक होते. मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांत तोफखाना आणि दारूखाना हे स्वतंत्र मानले जात. आणि १७१५ च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या ‘आज्ञापत्रा’त रामचंद्रपंत अमात्यांनी दारूखाना राहत्या घरांपासून दूर असावा, आणि हवालदाराने आठ-पंधरा दिवसांनी दारू, बाण व होके (हातगोळे) बाहेर काढून त्यांस ऊन देऊन पुन्हा मुद्रा करून ठेवावे, अशी तपशीलवार ताकीद दिली आहे. सोरा हवेतील ओल ओढतो आणि ओली दारू शत्रूपेक्षा आपलाच घात करते, हे त्या ताकिदीमागील कारण. कोकणाच्या व मावळाच्या गडांवर ही चिंता जेवढी जाचक, तेवढी पर्जन्यछायेतील या कोरड्या माळावर खचित नसावी. भीमाकाठच्या माणसास दुष्काळाने जे अनेक प्रकारे छळले, त्याच्या मोबदल्यात निदान दारू तरी कोरडी दिली, असे थट्टेने म्हणता येईल.

१८१८ च्या फेब्रुवारीत येथून भीमेच्या खालच्या अंगास, मोहोळनजीक आष्टी येथे, बापू गोखले पडले आणि पेशवाईचा निकाल लागला. त्यानंतर जे बदलले ते एका दिवसात बदलले नाही. गावोगावची हत्यारे काही काळ आढ्यावर तशीच राहिली. तोड्याच्या जागी चकमक आली, चकमकीच्या जागी टोपी आली, आणि ठासणीचे शास्त्र मात्र तेच राहिले. खरा घाव घातला तो दोन गोष्टींनी, आणि त्या दोन्ही दहा वर्षांच्या आत याव्यात हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. १८६० साली लोहमार्ग डिकसळ व मोहोळ ओलांडून सोलापुरास पोचला होता. त्यानंतर नऊच वर्षांनी, १८६९ साली, त्याच मार्गाच्या वरच्या अंगास पुण्याजवळ खडकी येथे सरकारचा दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. पितळी कोशात टोपी, दारू आणि गोळी एकत्र बांधलेले काडतूस यंत्राने, एकासारखे एक, तयार होऊ लागले. आणि १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा झाला, ज्याने हिंदी रयतेला शस्त्र बाळगण्यास परवाना आवश्यक केला आणि युरोपियनांना त्यातून मोकळे सोडले. या अन्यायाविरुद्ध पुढे राष्ट्रसभेने वर्षानुवर्षे ठराव केले. पण त्या वादात एक लहान गोष्ट झाकली गेली. बार भरण्याची विद्या खडकीस गेली आणि हत्यार निवडण्याचा अधिकार कलेक्टर कचेरीत गेला. भीमाकाठच्या माणसाच्या हाती उरला तो चाप ओढण्याचा अखेरचा क्षण, तोही परवान्यावर नमूद असेल तेवढ्याच वेळा.

पिस्तुलाचे तर अधिकच कठीण झाले. लांब नळीची बंदूक शेतकऱ्याची, पण आखूड नळीचे हत्यार कटवाल्याचे, असे समीकरण सरकारच्या मनात बसण्यास कारणेही तशीच घडत गेली. १९०९ च्या डिसेंबरात नाशिकास अनंत कान्हेरे यांनी तेथील कलेक्टर जॅक्सनवर झाडलेले ब्राउनिंग पिस्तूल लंडनहून सावरकरांनी पाठविलेल्या वीस पिस्तुलांपैकी होते. आणि ज्या सोलापूरने १९३० साली मार्शल लॉ भोगला, ज्याचे चार पुत्र १९३१ च्या जानेवारीत येरवड्यास फासावर गेले, त्या सोलापूरचा सूड म्हणून वासुदेव बळवंत गोगटे यांनी त्याच वर्षीच्या जुलैत फर्ग्युसन कॉलेजात हंगामी गव्हर्नर हॉटसनवर गोळी झाडली. हॉटसन बचावला. परंतु अशा घटनांनंतर खेळासाठी पिस्तूल हवे असे म्हणणाऱ्या अर्जदाराकडे कचेरीने कोणत्या नजरेने पाहिले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा नवा कायदा आला. परवाना मात्र राहिला. त्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे भाग आणि काडतुसे करण्याची यंत्रेदेखील अंतर्भूत केलेली आहेत, आणि ते तयार करण्यास वेगळा परवाना लागतो. त्यामुळे रिकामे कोश घरी भरण्याची सोय साध्या परवानाधारकास राहिली नाही. पुढे १९६९ मध्ये उजनीच्या धरणाचे काम सुरू झाले व १९८० मध्ये पुरे झाले. पळसदेवाच्या जुन्या देवळासह कित्येक गावठाणे व लोहमार्गाचा जुना तुकडा पाण्याखाली गेला. मधल्या काळात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली आणि १९७९ मध्ये करमाळ्यासह विस्तीर्ण टापू माळढोक अभयारण्यात घेतला गेला. पाणी आले, ऊस आला; उसाबरोबर रानडुकरे आली आणि कालांतराने बिबट्याही. २०२० च्या डिसेंबरात करमाळा तालुक्यात माणसे मारणाऱ्या बिबट्यास शेवटी गोळी घालावी लागली, तेव्हा नेमबाज बोलवावे लागले. ज्या काठी एकेकाळी प्रत्येक दांडग्या घरात बार ठासणारा एक तरी हात होता, तेथली ही स्थिती.

गंमत अशी की, जी विद्या आपल्याकडे लुप्त झाली ती परदेशात एका खेळाच्या निमित्ताने नव्या वैभवाने जिवंत आहे. १९७६ साली अमेरिकेत मिसुरी राज्यातील कोलंबिया येथे जेफ कूपर यांच्या पुढाकाराने व्यावहारिक नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. या खेळात नेमबाज एका जागी उभा राहत नाही. आडोशांतून धावत, वळत, अनेक लक्ष्यांवर गोळ्या झाडतो, आणि मिळालेल्या गुणांस लागलेल्या सेकंदांनी भागून त्याची योग्यता ठरते. अचूकता, शक्ती आणि वेग ही तीन दैवते येथे समान पूजिली जातात. शक्तीचे मापही ठरलेले: गोळीचे ग्रेनमधील वजन आणि सेकंदास जितके फूट तिचा वेग, यांचा गुणाकार करून हजाराने भागावे; १२५ ग्रेनची गोळी हजार फुटांच्या वेगाने गेली तर अंक १२५ येतो, आणि हाच खालच्या वर्गाचा किमान अंक. वरच्या वर्गासाठी तो सामान्यतः १७० असावा लागतो, आणि त्या वर्गात मध्यापासून किंचित ढळलेल्या गोळीलाही अधिक गुण मिळतात. म्हणून कोणत्या गटात खेळावयाचे, कोणते पिस्तूल घ्यावयाचे आणि त्याचा बार किती कडक भरावयाचा, हे तीन प्रश्न तेथे एकाच श्वासात विचारले जातात. हलका बार भरला तर पिस्तूल हातात कमी उसळते व दुसरी गोळी लवकर सुटते. फारच हलका भरला तर स्पर्धेच्या वेगमापक यंत्रावर अंक कमी भरून गुण शून्य ठरतात. शिवाय अर्धस्वयंचलित पिस्तुलाची सरक मागे ढकलण्यास पुरेसे बळ त्या बारात असावेच लागते, अन्यथा कोश आतच अडकतो. अशा स्पर्धकाचे मेज सोनाराच्या दुकानाची आठवण करून देते: वापरलेले पितळी कोश धुऊन, पुन्हा मापात दाबून, जुनी टोपी काढून नवी बसवून, दारू तराजूवर तोलून, गोळी नेमक्या खोलीवर बसविली जाते, आणि ज्या ग्रेनच्या दशांशांत तो तोलतो तो ग्रेन आपल्या गुंजेच्या जवळपास अर्धा. टोपी, दारू, गोळी आणि ती धरून ठेवणारा कोश: गज आणि बोळा तेवढे गेले, बाकी सारा जिन्नस भीमाकाठच्या बरकंदाजाने ओळखला असता.

आपल्या देशात या खेळास अडचणी अनेक. त्याचे सर्वांत रूढ असे ९ मिलिमीटरचे काडतूस सामान्य परवानाधारकास निषिद्ध आहे. कानपूरचे रिव्हॉल्व्हर किंवा इशापूरचे पिस्तूल घ्यावयाचे तर ते .३२ चे, आणि त्यात घालावयाचे काडतूस बहुधा खडकीचे, बुडावर खडकीची खूण असलेले. साहजिकच महाराष्ट्राचे नाव झाले ते ऑलिंपिक पद्धतीच्या नेमबाजीत: कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळविले, आणि २०२४ मध्ये पॅरिसला रायफलीत कांस्यपदक घेणारे स्वप्नील कुसाळे उजनीच्या काठाने धावणाऱ्या त्याच मध्य रेल्वेचे तिकीट तपासनीस होते. या प्रकारांत .२२ चे जे काडतूस वापरतात त्याची टोपी निराळी नसते. स्फोटक द्रव्य कोशाच्या कडेतच भरलेले असते, आणि घोड्याच्या आघाताने ती कड एकदा चेपली की कोश निरुपयोगी होतो. तेव्हा बार पुन्हा भरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. उरते ती निवड; आणि ती निवड मोठे नेमबाज किती कसोशीने करतात हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. एकाच कंपनीची, एकाच नावाची काडतुसे. पण घाणा, म्हणजे एका वेळी तयार झालेली खेप, बदलला की नळीशी त्यांचे जमणे-न जमणे बदलते, म्हणून युरोपातील कारखान्यांच्या चाचणीशाळेत आपले हत्यार नेऊन, ते शिकंज्यात बसवून, घाण्यामागून घाणे झाडून पाहावयाचे आणि ज्याचे छिद्र सर्वांत लहान पडेल तोच घाणा साठवावयाचा, असा त्यांचा शिरस्ता आहे.

इंदापूर, जेऊर किंवा टेंभुर्णीच्या एखाद्या मुलीस आज बालेवाडीच्या मैदानापर्यंत जावयाचे असेल तर तिचा आरंभ दहा मीटरच्या हवाई पिस्तुलानेच होणार, ज्यात दारूही नाही आणि टोपीही नाही, केवळ शिशाचा एक नाजूक छर्रा. तोही ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिलिमीटर अशा मापांत मिळतो. आणि यांपैकी आपल्या नळीस कोणता मानवतो हे तिला कागदावर झाडूनच ठरवावे लागते.