फ्लश नीट होत नाही? प्लंबरला बोलावण्याआधी एक बादली पाणी ओता



आपल्या मंडळाच्या या पानावर सणवार, पाककृती, शाळा-प्रवेश आणि व्हिसा यांची माहिती नेहमी येते. यावेळचा विषय थोडा अडचणीचा आहे, पण घरोघरी लागणारा आहे. कमोडचे बटण दाबले की पाणी हळूहळू येते, सगळे वाहून जात नाही, पुन्हा दाबावे लागते. मग घरातल्या सगळ्यांना दोन-तीनदा बटण दाबायची सवय लागते आणि महिनोन् महिने तसेच चालते. बिघाड खूप वाढला की प्लंबरची शोधाशोध सुरू होते. त्यावेळी घरातला पुरुष नेमका साइटवर असतो, घरी बाई आणि मुले एकटी, नाहीतर हळदीकुंकवाला पाहुण्या यायच्या असतात.

आमच्या पाहण्यात यातले बरेचसे बिघाड घरच्या घरी, एक पाना आणि जुना टूथब्रश एवढ्यावर दुरुस्त होतात. मात्र आधी बिघाड नेमका कुठे आहे ते ओळखले पाहिजे. ते न ओळखता अॅसिड ओतले, किंवा टाकीचे सगळे सामान बदलले, तर पैसे जातात आणि दुखणे तिथेच राहते.

इथे हा प्रश्न जास्त महत्त्वाचा का?

सौदी अरेबियात बारमाही वाहणारी एकही नदी नाही. रियाधला येणारे बरेचसे पाणी आखाताच्या किनाऱ्यावर, जुबैलसारख्या ठिकाणी समुद्राचे पाणी गोडे करून मिळवतात. तिथून ते सुमारे चारशे किलोमीटर नळातून आणि समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर उंचीवर चढवून आणावे लागते. जेद्दाचे पाणी लाल समुद्राचे, शुऐबाच्या प्रकल्पातून येते. घरात येताना ते आधी जमिनीखालच्या टाकीत साठते, तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढते आणि मग नळाला येते. ज्या वस्तीत पाणी पाळीपाळीने सोडतात, तिथे गळक्या फ्लशमुळे पुढच्या पाळीआधीच टाकी रिकामी होते आणि टँकर मागवावा लागतो.

पाण्याचे दर जानेवारी २०१६ मध्ये वाढले, तेव्हा बिलांवरून मोठी ओरड झाली होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राजे सलमान यांनी तत्कालीन पाणी व वीज मंत्र्यांना पदावरून दूर केले. त्या दरपत्रकात महिन्याच्या पहिल्या १५ घनमीटरला घनमीटरमागे १० हलाला, १६ ते ३० ला १ रियाल, ३१ ते ४५ ला ३ रियाल, ४६ ते ६० ला ४ रियाल आणि ६० च्या पुढे ६ रियाल असे चढते टप्पे ठरले. सांडपाण्याचा आकार त्याशिवाय वेगळा. म्हणजे थोडी गळती झाली तरी वापर वरच्या टप्प्यात ढकलला जाऊ शकतो.

फ्लश चालतो कसा?

कमोडच्या आत मागच्या बाजूला पाइपाला एक वळण असते. त्यात नेहमी पाणी साचलेले असते, म्हणून गटाराचा वास घरात येत नाही. टाकीतले पाणी एकदम आणि भरपूर आले की ते वळण पूर्ण भरते, ओढ तयार होते आणि सगळे खेचले जाते. तेच पाणी हळूहळू आले तर नुसते ओघळून जाते, ओढ लागत नाही. म्हणून पाणी किती आले याइतकेच ते किती वेगाने आले हे महत्त्वाचे. तेव्हा दोष दोनच ठिकाणी असू शकतो. एकतर टाकीकडून पाणी पुरेसे आणि जोरात येत नाही, नाहीतर पुढची वाट अडली आहे.

बादलीची परीक्षा

आधी कमोडमधल्या पाण्याची पातळी पाहा. पाणी काठापर्यंत आले असेल तर काही ओतू नका आणि बटणही दाबू नका. थेट "वाट तुंबली असेल तर" हा भाग वाचा. पातळी नेहमीसारखी असेल तर ६-७ लिटर पाणी बादलीत घ्या आणि कमरेइतक्या उंचीवरून, शिंतोडे न उडवता, एका दमात ओता.

* सगळे झटक्यात वाहून गेले: वाट मोकळी आहे. दोष टाकीत किंवा काठाखालच्या भोकांत आहे.
* पाणी वर चढले आणि सावकाश उतरले: वाट अडली आहे. टाकी उघडण्यात वेळ घालवू नका.

दोष टाकीत असेल तर

प्रथम टाकीच्या खालचा किंवा बाजूचा छोटा कॉक कुठे आहे ते पाहून ठेवा, काही गडबड झाली तर तो लगेच बंद करता येतो. इथल्या बहुतेक टाक्यांना झाकणावर बटण असते. बटणाभोवतीची कडी फिरवून सोडवली की झाकण उचलता येते. झाकण चिनी मातीचे असते, जमिनीवर टॉवेल घालून त्यावर ठेवा. नंतर क्रमाने पाहा:

१. टाकी पूर्ण भरते का? पाण्याची पातळी मधल्या उभ्या ओव्हरफ्लो पाइपाच्या तोंडाखाली २-३ सेंटिमीटर असावी. त्याहून बरीच कमी असेल तर बॉलकॉकचा स्क्रू किंवा क्लिप फिरवून पातळी वाढवा.

२. भरायला फार वेळ लागतो का? आधी इतर नळांना पाणी आहे ना ते पाहा, गच्चीवरची टाकीच रिकामी असू शकते किंवा पंप बंद असू शकतो. इतर नळ ठीक असतील तर छोटा कॉक बंद करून पुरवठ्याची नळी सोडवा (खाली भांडे ठेवा). बॉलकॉकच्या तोंडाशी बारीक जाळी असते, तिच्यात रेती आणि क्षार अडकतात. जाळी ब्रशने धुऊन परत बसवा.

३. टाकीत बाटली किंवा पाण्याची पिशवी आहे का? पाणी वाचवण्यासाठी अशी वस्तू ठेवायची पद्धत जुन्या मोठ्या टाक्यांसाठी ठीक होती. नवीन टाक्यांत मुळातच ६ लिटरच्या आसपास पाणी असते. तेही कमी केले तर दोनदा फ्लश करावा लागतो आणि बचत उलटते. अशी वस्तू काढून टाका.

४. बटण दाबल्यावर तळाची झडप पूर्ण उचलली जाते का? बटणाची दांडी आखूड बसली असेल किंवा साखळी सैल असेल तर झडप अर्धवट उघडून लगेच बंद होते. दांडीची लांबी फिरवून वाढवता येते. साखळीला कडी-दोन कडीपेक्षा जास्त ढील नको. दोन बटणे असतील तर छोटे बटण कमी पाण्याचे, मोठे जास्त पाण्याचे. घरातल्या सगळ्यांना हे माहीत आहे ना, तेही पाहा.

टाकी भिंतीच्या आत बसवलेली असेल तर हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

काठाखालची भोके

टाकी पाणी जोरात सोडते, बादलीने साफ होते, तरी फ्लश दुबळाच, असे असेल तर काठाखालची भोके क्षारांनी बुजली असण्याची शक्यता मोठी. छोटा आरसा धरून पाहिले की पांढरा-पिवळट थर दिसतो. कॉक बंद करून एकदा फ्लश करा, म्हणजे कड कोरडी होईल. टिश्यू पेपरच्या सुरळ्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवून काठाखाली दाबून बसवा आणि रात्रभर ठेवा. व्हिनेगर नसेल तर कोमट पाण्यात २-३ चमचे लिंबूसत्त्व विरघळवा, तेही चालते. सकाळी टिश्यू काढून कचऱ्यात टाका, जुन्या टूथब्रशने घासा आणि प्रत्येक भोक टूथपिकने मोकळे करा. थर जुना असेल तर दोन-तीन रात्री हेच करावे लागते.

वाट तुंबली असेल तर

इथे तुंबण्याचे मुख्य कारण म्हणजे कमोडमध्ये टाकलेल्या वस्तू. ओले वाइप्स, डायपर, सॅनिटरी पॅड, कापसाचे बोळे आणि मुलांची खेळणी यात येतात. पाकिटावर काहीही छापलेले असो, वाइप्स टिश्यूसारखे पाण्यात विरघळत नाहीत. उरलेली आमटी आणि तळणीचे तेलही कमोडमध्ये ओतू नये.

कमोडमध्ये भांडी घासायचा पातळ साबण अर्धी वाटी ओता. पातळी उतरली असेल तर त्यावर हाताला सोसेल इतके गरम पाणी घाला आणि अर्धा तास थांबा. उकळते पाणी नको, कमोडला तडा जातो. नंतर रबरी प्लंजर वापरा. प्लंजरचा घुमट पाण्यात बुडालेला हवा. पहिला दाब हलका द्या, मग १५-२० वेळा जोरात खाली-वर करा आणि शेवटी झटक्याने ओढून घ्या. दोन-तीन वेळा करून उपयोग झाला नाही तर प्लंबरच्या स्प्रिंगची गरज आहे.

आणखी एक गोष्ट पाहा. वॉशिंग मशीनचे पाणी सुटल्यावर न्हाणीघराच्या जाळीतून पाणी वर येते का? कमोडमध्ये गुडगुड आवाज येतो का? तसे असेल तर दोष तुमच्या कमोडचा नाही. इमारतीची मुख्य लाइन तुंबली आहे, किंवा जिथे गटारयोजना नाही तिथे सेप्टिक टँक भरला आहे. अशा वेळी पाणी वापरणे थांबवा आणि इमारतीच्या रखवालदाराला व घरमालकाला लगेच कळवा. तळमजल्यावरच्या घरांनी तर अजिबात उशीर करू नये, कारण वरच्या मजल्यांचे पाणी आधी त्यांच्याच घरात येते.

न दिसणारी गळती

कमोडच्या मागच्या बाजूची आतली भिंत पुसून कोरडी करा आणि तिथे टिश्यू चिकटवा. अर्धा तास कोणी फ्लश करू नये. टिश्यू ओला झाला तर टाकी गळते आहे. दुसरा उपाय म्हणजे टाकीत जिलबीचा खायचा रंग टाकून, तो कमोडमध्ये उतरतो का ते पाहणे. (हळद टाकू नका, डाग राहतात.)

५ मिनिटांत १ लिटर गळत असेल तर दिवसाला २८८ लिटर आणि ३० दिवसांत ८,६४० लिटर पाणी जाते. ज्या घराचा वापर आधीच ३० घनमीटर आहे, त्याला वरच्या दराने या गळतीचे सुमारे २६ रियाल पडतात, आणि एवढे पाणी टँकरने मागवायचे झाले तर हिशेब वेगळाच.

पाणी ओव्हरफ्लो पाइपातून उतरत असेल तर बॉलकॉकची पातळी कमी करा, तरीही थांबले नाही तर बॉलकॉक बदला. पातळी पाइपाच्या खाली असूनही गळत असेल तर तळाच्या झडपेचे रबरी वॉशर खराब आहे. कॉक बंद करून टाकी रिकामी करा, झडपेचा मनोरा डावीकडे फिरवून वर काढा, वॉशर धुऊन क्षार काढा. ते चपटे असेल तर उलटे करून बसवून पाहा. कडक झाले असेल तर नवीन घ्या. दुकानात जुने वॉशर नमुन्याला न्यावे, मापे वेगवेगळी असतात.

हे मुळीच करू नका

* क्लोरीनचे ब्लीच आणि अॅसिड किंवा व्हिनेगर एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. आधी ब्लीच वापरले असेल तर भरपूर पाणी सोडून, दुसऱ्या दिवशी व्हिनेगर वापरा.
* गटार मोकळे करायचे अॅसिड ओतल्यावर प्लंजर वापरू नका, शिंतोडे डोळ्यांत जातात. प्लंबर आला तर काय ओतले आहे ते त्याला सांगा.
* प्लास्टिकचे आटे पान्याने फार आवळू नका. हाताने घट्ट करून वर थोडेसे पुरे.

सुट्टीला जाताना आणि परत आल्यावर

उन्हाळ्याच्या सुट्टीत आपली घरे महिना-दोन महिने बंद असतात. निघताना टाकीचा कॉक आणि जेट स्प्रेचा कॉक दोन्ही बंद करा. स्प्रेची नळी दाबाखाली फुटली तर खालच्या घराचे छत भिजते. कमोडवर झाकण टाका. परत आल्यावर वास आला तर घाबरू नका, वळणातले पाणी सुकलेले असते. कमोडमध्ये आणि जमिनीवरच्या प्रत्येक जाळीत बादलीभर पाणी ओतले की वास थांबतो. उन्हात आणि कोरड्या टाकीत रबर कडक होते, म्हणून गळतीची परीक्षा याच वेळी करून घ्यावी.

दुकानात उपयोगी पडणारे शब्द

"अदवात सिहिय्या" अशी पाटी असलेल्या दुकानात हे सामान मिळते. प्लंबर बहुधा हिंदी-उर्दू समजणारा भेटतो, तरी हे अरबी शब्द लिहून ठेवा:

* सब्बाक: प्लंबर
* सिफोन: फ्लशची टाकी
* अव्वामा: बॉलकॉक
* जिल्दा: वॉशर
* महबस: कॉक
* शत्ताफ: जेट स्प्रे
* खज्जान: पाण्याची टाकी
* दिनमो: पंप
* वायत: टँकर
* बय्यारा: सेप्टिक टँक
* हारिस: रखवालदार
* मसदूद: तुंबलेले
* खल्ल: व्हिनेगर

प्लंबरला बोलावलेच तर "फ्लश होत नाही" एवढेच सांगू नका. "बादलीने साफ होते, टाकीचे वॉशर गळते" किंवा "बादलीनेही उतरत नाही" असे सांगा. तो योग्य सामान घेऊन येतो आणि नको ते काम गळ्यात पडत नाही. मोठ्या कामाआधी भाडेकरार वाचा. कोणती दुरुस्ती मालकाची आणि कोणती भाडेकरूची हे त्यात असते. मालकाला फोटोसह लेखी संदेश पाठवून मगच काम करून घ्यावे.

हे पान छापून न्हाणीघराच्या कपाटात ठेवा. नव्याने आलेल्या कुटुंबांनाही जरूर द्या, त्यांना कॉक कुठे आहे हेसुद्धा माहीत नसते. आपल्याकडे याहून सोपी युक्ती असेल तर आम्हाला अवश्य कळवा, पुढच्या अंकात देऊ.