नफा माल घेतानाच ठरतो : हार्लेमच्या दुकानदारांचा धडा

दर १४ एप्रिलला व्यासपीठावरून एक सल्ला हमखास मिळतो : "नोकऱ्या संपल्या, आता धंदा करा." सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे. माल कुठून आणायचा, कोणत्या भावाने, रोखीने की उधारीने, हे कोणी सांगत नाही. आपली पोरं अडकतात ती तिथेच.

१९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपले दोन शत्रू सांगितले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. पहिला आपण चटकन ओळखतो. दुसरा उधारीच्या वहीत लपलेला असतो.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. विद्यापीठाला लागूनच हार्लेम, पुढे कृष्णवर्णीयांची राजधानी म्हणून गाजलेली वस्ती. तिथल्या किराणा दुकानदारांचा इतिहास आपल्या कामाचा आहे.

त्या काळात अमेरिकेत मोठ्या साखळी दुकानांचे पेव फुटले होते. ती थेट कारखान्यातून ढिगाने माल उचलत. कृष्णवर्णीय दुकानदार मात्र घाऊक व्यापाऱ्याकडून चार-दोन पेट्या घेई आणि महाग घेई. दोघे सारख्याच भावाने विकत असतील, तर मरणार कोण? समजा, एकच वस्तू मोठ्याला ८४ रुपयांना पडते आणि लहानाला ९२ ला. दोघेही १०० ला विकतात. मोठ्याला १६ सुटतात, लहानाला ८. लहानाची मेहनत कमी नसते, त्याची खरेदी एकट्याची असते.

यावर १९२८ मध्ये अलाबामातील माँटगोमेरीच्या कृष्णवर्णीय दुकानदारांनी उपाय काढला : सगळ्यांच्या मालाची एकत्र खरेदी. त्यातून 'कलर्ड मर्चंट्स असोसिएशन' उभी राहिली. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १९०० साली स्थापलेल्या 'नॅशनल निग्रो बिझनेस लीग'ने ही कल्पना उचलली. लीगचे सचिव अल्बन होल्सी यांनी ती इतर शहरांत नेली. हार्लेममध्येही अशी दुकाने निघाली.

पण काही वर्षांतच ही चळवळ ढासळली. महामंदीने गिऱ्हाइकाचा खिसा रिकामा केला होता. शिवाय संघटनेच्या मालापेक्षा लोकांना जाहिरातीतला ओळखीचा माल हवा होता. म्हणजे स्वस्त खरेदी जमली, तरी गिऱ्हाइकाला काय हवे ते विचारायचे राहून गेले. 'आपला माणूस आहे, घेईलच' या भरवशावर दुकान चालत नाही.

आता आपल्याकडे पाहू. दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर पुस्तके, मूर्ती, निळे झेंडे, बिल्ले यांचे स्टॉल लागतात. शेजारी शेजारी बसणारे दहा जण एकाच बाजारातून, पण वेगवेगळे, बहुधा उधारीवर माल आणत असतील, तर फायदा कोणाचा? उधारीत व्याज वेगळे लिहिलेले नसते, ते भावातच मिसळलेले असते. उधारी असली की दुसऱ्या व्यापाऱ्याकडे भाव विचारायचीही सोय उरत नाही.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. माल उचलण्याआधी तीन ठिकाणी भाव विचारा. रोखीचा आणि उधारीचा भाव वेगवेगळा सांगायला लावा. पक्के बिल घ्या. उरलेला माल परत घेणार का, हे आधीच ठरवा. स्वस्त मिळतो म्हणून ढीग लावू नका, पडून राहिलेला माल म्हणजे अडकलेला पैसा. पहिल्यांदा थोडा घ्या, काय खपते ते वहीत लिहा, मग वाढवा. आणि दहा जणांनी मिळून एकच मागणी नोंदवा, हिशेब सगळ्यांसमोर उघडा ठेवा.

'संघटित व्हा' हे आपण मोर्चासाठी ऐकले. ते घाऊक बाजाराच्या दारातही तितकेच खरे आहे.

जयभीम!