निसर्गचित्रण, तैलरंगातील

चित्रशाळेबाहेर, प्रत्यक्ष स्थळी बसून निसर्गदृश्याचे तैलरंगांत केलेले चित्रण. स्थळावर केवळ रेखाटन करून चित्र घरी पूर्ण करण्याची रीत जुनी आहे. येथे अभिप्रेत असलेले चित्र मात्र प्रकाश पालटण्यापूर्वी, बहुधा एकाच बैठकीत सिद्ध होते. प्रवासात आणि चित्रकाराच्या राहत्या परिसरात अशा दोन्ही ठिकाणी हा प्रकार हाताळला जातो. महाराष्ट्रात तो मुख्यतः घराजवळ रुजला. प्रवासात जलरंगच अधिक सोयीचे ठरले. याचे कारण रुचीइतकेच साधनांतही शोधावे लागते.

साधने व तंत्र : तैलरंगांत रंगद्रव्य जवसाच्या तेलात खललेले असते. हे तेल पाण्याप्रमाणे उडून जात नाही, तर हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते. त्यामुळे पातळ थर वाळण्यास काही दिवस, तर जाड थरास कित्येक आठवडे लागतात. पूर्वी तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत ठेवीत. जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये धातूच्या नळीचे एकस्व घेतले, तेव्हापासून रंग बरोबर नेणे सुलभ झाले. पुढे घडीचे ईझल व लहान फळ्या बसतील अशा रंगपेट्या प्रचारात आल्या. तथापि रंग नेण्याचा प्रश्न सुटला, तरी ओले चित्र परत आणण्याचा प्रश्न राहिलाच. त्यासाठी पेटीत खाचा करून फळ्या एकमेकींस न चिकटतील अशा रीतीने ठेवाव्या लागतात.

यूरोपातील पूर्वपीठिका : फ्रान्समध्ये फाँतेनब्लोच्या अरण्यालगत बार्बिझाँ या खेड्यात थीओदोर रूसो (१८१२–६७) प्रभृती चित्रकारांनी वास्तव्य केले. अरण्य दाराशी असल्याने एकच झाड वेगवेगळ्या ऋतूंत पाहणे त्यांस शक्य झाले. त्यांच्या आग्रहाचा परिणाम म्हणून १८६१ मध्ये त्या अरण्याचा काही भाग सौंदर्याच्या कारणास्तव तोडीपासून राखून ठेवण्यात आला. चित्रकारांच्या दृष्टीने एखाद्या वनाच्या भवितव्यावर परिणाम घडविल्याचे हे ठळक उदाहरण होय. पुढे क्लोद मॉने (१८४०–१९२६) इ. दृक्‌प्रत्ययवादी चित्रकारांनी स्थळावरील चित्रणास पूर्ण चित्राची प्रतिष्ठा मिळवून दिली.

भारतातील प्रवासी चित्रकार : टॉमस व विल्यम डॅन्यल (भारतात १७८६–९३) यांनी प्रवासात रेखाटने व जलरंगचित्रे केली, त्यांवर आधारित तैलचित्रे मागाहून झाली. मेरिअ‍ॅन नॉर्थ (१८३०–९०) ही १८७७–७९ मध्ये भारतात फिरत असताना वनस्पती व निसर्गदृश्ये थेट तैलरंगांत कागदावर रंगवीत असे. तिची चित्रे लंडनजवळच्या क्यू येथील उद्यानात १८८२ पासून पाहावयास मिळतात. महाराष्ट्रात तैलरंग व कॅनव्हास आडरानी नेण्याचा मोठा उपक्रम अजिंठा येथे घडला. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून तेथील भित्तिचित्रांच्या तैलरंगांत प्रतिकृती केल्या. त्यांपैकी बहुसंख्य १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२–८५ मध्ये पुन्हा प्रतिकृती केल्या. ही कामे निसर्गचित्रे नव्हेत. तथापि दूरच्या रानात तैलरंगांत काम करावयाचे, तर दीर्घ मुक्काम व सरकारी पाठबळ किती आवश्यक होते, हे त्यांवरून दिसते.

मराठी परंपरा : असे पाठबळ नसलेल्या चित्रकाराने घराजवळचा परिसर निवडावा, हे स्वाभाविक होते. आबालाल रहिमान (सु. १८६०–१९३१) मुंबईचे शिक्षण संपवून कोल्हापुरास परतले आणि कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगा या परिसराचे जलरंग, पेस्टल व तैलरंगांत चित्रण करीत राहिले. शाहू महाराजांच्या निधनानंतर (१९२२) त्यांनी आपली पुष्कळ चित्रे नष्ट केली, असे सांगितले जाते. इंदूर येथे द. दा. देवळालीकर यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थी घाट, वस्त्या व रस्ते प्रत्यक्ष पाहून रंगवीत, ना. श्री. बेंद्रे (१९१०–९२) हे त्यांतील अग्रणी. मुंबईत वॉल्टर लँगहॅमर या ऑस्ट्रियन चित्रकाराच्या उदाहरणाने १९४० नंतरच्या तरुण पिढीस तेजस्वी रंगांची गोडी लागली. त्या पिढीतील ह. अं. गाडे (१९१७–२००१) व सै. है. रझा (१९२२–२०१६) या दोघांचेही आरंभीचे कलाशिक्षण नागपूर येथे झाले. गाडे मूळचे अमरावती जिल्ह्यातील. ते निसर्गदृश्याकडे जलरंगांतून व पुढे तैलरंगांतून वळले. रझा यांचे वडील वनखात्यात अधिकारी होते व त्यांचे बालपण मंडला जिल्ह्यातील अरण्यात गेले.

चंद्रपूर–गडचिरोली वनप्रदेश : उपर्युक्त परंपरा कलाशाळांच्या व संस्थानांच्या आश्रयाने वाढल्या. पूर्व विदर्भातील हा वनप्रदेश त्या केंद्रांपासून दूर राहिला. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा १९८२ मध्ये झाला. त्याचे मुख्य ठाणे आजही लोहमार्गावर नाही. वस्तुतः तैलरंगांस हा प्रदेश अनुकूल आहे. उन्हाळ्यात तापमान ४५° से. च्या वर जाते, तेव्हा जलरंगाचा हात फिरविताच सुकतो. पावसाळ्यात तोच वाळता वाळत नाही. तैलरंग दोन्ही ऋतूंत कामापुरता ओला राहतो. शिवाय ज्याच्या तेलात हे रंग खलतात, ते जवस विदर्भाचेच जुने पीक आहे.

येथील वन मुख्यतः पानझडी असून त्यात साग, बांबू, मोह व पळस आढळतात. पर्णहीन उन्हाळ्यात खोडांमागचे अंतर स्पष्ट दिसते. फाल्गुनात पळस केशरी होतो. पावसाळ्यात मात्र हिरव्याच्या अनेक छटा वेगळ्या राखणे हीच चित्रकाराची कसोटी ठरते. वैनगंगेच्या काठचे मार्कंडा, सिरोंचाजवळील प्राणहिता–गोदावरी संगम व चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट ही चित्रणयोग्य स्थळे होत. ताडोबा राष्ट्रीय उद्यानात (स्थापना १९५५) पर्यटकास वाहनातून उतरता येत नसल्याने ईझल मांडणे शक्य नाही. त्यासाठी बाहेरील गावे व तलाव निवडावे लागतात. फाँतेनब्लोचा भाग चित्रांसाठी राखला गेला, ताडोबा वन्य प्राण्यांसाठी. पण चंद्रपूरभोवतीच्या उघड्या कोळसा खाणींनी आणि एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या लोहखनिज उत्खननाने न राखलेली कित्येक दृश्ये पालटली आहेत. स्थळावर केलेल्या चित्रात एका दिवसाचा, एका प्रहराचा प्रकाश टिपलेला असतो. दृश्य नाहीसे झाल्यावर तेच त्याची नोंद ठरते. हे काम प्रवाशापेक्षा तेथेच राहणाऱ्या चित्रकारास अधिक साधणारे आहे, हेच आबालालांच्या उदाहरणावरून दिसून येते.