गवताखालचे गाव

गावाचा अभ्यास म्हटला की मराठी वाचकाला त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५ सालचा ‘गावगाडा’ आठवतो. त्याच्याही बरेच आधी, १८२० मध्ये, डॉ. थॉमस कोट्स यांनी पुण्याजवळच्या लोणीची जमीन, पिके, घरे आणि कुणब्यांची कर्जे यांची तपशीलवार माहिती मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढे मांडली होती. सव्वाशेहून अधिक वर्षांनी समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये त्याच लोणीकडे, म्हणजे लोणीकंदकडे, वळले आणि काय बदलले, काय टिकले ते त्यांनी पाहिले. परंतु जिथे परत जाताच येत नाही अशा गावाचे काय? या अभ्यासात नव्याने येणाऱ्यांचे स्वागत मी मुद्दाम तशाच एका गावापासून करतो. ते कोलकात्याच्या फोर्ट विल्यमखाली आणि भोवतालच्या विस्तीर्ण गवताळ मैदानाखाली गेले आहे. त्याचे नाव गोविंदपूर.

सुतानुटी, कलिकाता आणि गोविंदपूर या तीन गावांचे जमीनदारी हक्क ईस्ट इंडिया कंपनीने १६९८ च्या नोव्हेंबरमध्ये सावर्ण रायचौधरी घराण्याकडून १३०० रुपयांना घेतले. इतिहासाच्या पुस्तकांत ही तिन्ही नावे एका दमात येतात आणि पुढे कलिकाताच तेवढे उरते. १७०६ च्या मोजणीत गोविंदपूरची जमीन ११७८ बिघे भरली. त्यातली घरांखाली होती ५७ बिघे. बाकी सगळी शेती आणि रान. हुगळीकाठच्या या विरळ वस्तीत शेठ आणि बसाक ही कापडाच्या व्यापारातली घराणी होती. सरस्वती नदी गाळाने भरत गेली, सप्तग्राम बंदर ओस पडले, तेव्हा ती इकडे आली. कुशारी घराण्यातले पंचानन इथेच स्थायिक झाले; शेजारचे कोळी या ब्राह्मणाला ‘ठाकूर’ म्हणू लागले, अशी परंपरा आहे. रवींद्रनाथांचे घराणे ते हेच.

१७५६ मध्ये बंगालचा नवाब सिराजउद्दौला याने कंपनीचा कोलकात्यातला जुना किल्ला घेतला. पुढच्या वर्षी प्लासी जिंकल्यावर कंपनीने नव्या किल्ल्यासाठी गोविंदपूरची जागा निवडली. तोफांच्या माऱ्याच्या आड काही येऊ नये म्हणून गाव उठवले, रान तोडले. रहिवाशांना शोभाबाजार, कुमारटुली, तालतला अशा भागांत जमिनी मिळाल्या. १७५८ मध्ये सुरू झालेले बांधकाम १७८१ च्या सुमारास संपले. त्या किल्ल्याला एकदाही वेढा पडला नाही. ज्या लढाईसाठी गाव उठवले ती कधी झालीच नाही, हे मला या साऱ्या कथेत सर्वांत जड वाटते.

मग अभ्यास करायचा कसा? कंपनीच्या कागदांतून, मोजण्यांतून, नकाशांतून, आणि विस्थापित घराण्यांच्या वंशावळींतून व देवघरांतून. मात्र सावध राहा. कागदांत भरपाई घेणाऱ्यांची नावे येतात. जाळे टाकणारे, माग चालवणारे, लाकूड तोडणारे बहुधा येत नाहीत. अवघड काम तेच आहे आणि करण्याजोगेही तेच.

मराठी अभ्यासकाचा या प्रदेशाशी संबंध जुना आहे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर गेल्या तेव्हा त्यांच्या धास्तीने कोलकात्यात १७४२ मध्ये ‘मराठा खंदक’ खोदायला घेतला गेला. तो अपुराच राहिला. त्या स्वाऱ्या आपण विजय म्हणून वाचतो, बंगालची खेडी त्या बर्गींचा, म्हणजे मराठा घोडेस्वारांचा, उच्छाद म्हणून आठवतात. खेड्याचा अभ्यास करणाऱ्याने दुसरी बाजू आधी ऐकली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. आता लष्कराने फोर्ट विल्यमचे नाव ‘विजय दुर्ग’ केले आहे आणि त्याच्या एका दरवाजाला शिवाजी महाराजांचे नाव दिले आहे. मराठी माणसाची नजर तिकडे वळणे साहजिक आहे. ती वळली तर किल्ल्यापाशी थांबू नये. बंगाली शिका, जुने दस्त वाचायला शिका आणि गोविंदपूरच्या कामाला लागा. माणसे कमी आहेत, काम पुष्कळ आहे.