जत्रा, उत्खनन आणि सहल : नागपूरच्या परिसरातील एका प्रथेचा पूर्वेतिहास

सकाळी नागपुरातून निघून दिवेलागणीपर्यंत घरी परतता येईल अशा अंतरावर लोहयुगीन दफनांपासून वाकाटकांच्या राजधानीपर्यंतची स्थळे आहेत, आणि त्यांपैकी बहुतेक ठिकाणी कुटुंबाला गाडीभाड्यापलीकडे फारसा खर्च पडत नाही. या स्वस्ताईचे श्रेय हल्ली पर्यटनाला दिले जाते. प्रत्यक्षात मुलाबाळांसह, शिदोरी बांधून, पुरातन स्थळी जाण्याची रीत येथे जत्रेने रुजवली, आणि पायऱ्या, तलाव, घाट व धर्मशाळा या ज्या सोयींवर आजची सहल चालते त्याही जत्रेसाठीच उभ्या राहिल्या.

याचे ठळक उदाहरण म्हणजे शहराच्या ईशान्येस सुमारे ५० किलोमीटरवर असलेले रामटेक. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांनी येथील टेकडीवरच्या देवस्थानाचा, म्हणजे स्थानिक बोलीतील गडमंदिराचा, जीर्णोद्धार केला. टेकडीच्या पायथ्याशी घाटांनी व लहान देवळांनी वेढलेला अंबाळा तलाव आहे. येथील मोठी जत्रा कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास भरते, म्हणजे पावसाळा सरून वाटा कोरड्या झालेल्या असतात आणि बंडी, अर्थात वऱ्हाड-नागपुराकडील बैलगाडी, चिखलात रुतण्याची भीती उरत नाही. जत्रेचा मुख्य विधी ‘टिपूर’ हा होय. मध्यरात्री मंदिराच्या माथ्यावर रामाचे जुने पीतांबर जाळण्याची ही प्रथा पाहायची तर मुक्काम अटळ होता, म्हणून चूल, शिधा आणि अंथरूण घेऊनच कुटुंबे निघत. कन्हानमार्गे रामटेकपर्यंत आलेला रेल्वेचा फाटा आणि त्यानंतरची एस. टी. यांनी हा मुक्काम मोडून त्याची एका दिवसाची फेरी केली. चूल मागे पडून डबा आला. पायऱ्यांवर लहान मुलांच्या हातातील प्रसाद हिसकावणारी वानरे मात्र तशीच राहिली.

या वाटेने जाणाऱ्यांना आपण कोणत्या काळाच्या शेजारून चाललो आहोत याची कल्पना बराच काळ नव्हती. वाकाटक राजा द्वितीय रुद्रसेन अकाली निधन पावल्यावर त्याची राणी प्रभावतीगुप्ता, जी गुप्तसम्राट द्वितीय चंद्रगुप्ताची कन्या होती, तिने अल्पवयीन पुत्राच्या नावे राज्यकारभार पाहिला. तिच्या रिद्धपूर ताम्रपटात, म्हणजे दानाची नोंद कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यांवर, रामगिरीच्या स्वामीचा उल्लेख येतो. नागपूरचे संस्कृत पंडित वा. वि. मिराशी यांनी ‘मेघदूता’तील रामगिरी म्हणजे हेच रामटेक असे प्रतिपादन केले, तो मान छत्तीसगडातील रामगडाला देणारे अभ्यासकही आहेत आणि हा वाद अद्याप पूर्ण मिटलेला नाही. गडावरील केवल नरसिंह मंदिरातील शिलालेख १९८० च्या दशकात प्रकाशात आल्याने मात्र टेकडीचे वाकाटकांशी असलेले नाते वादापलीकडे गेले. जवळच्या नगरधन येथे, म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन येथे, २०१५ ते २०१८ या काळात झालेल्या उत्खननात प्रभावतीगुप्तेचे नाव ब्राह्मी लिपीत असलेली व शंखाची आकृती उमटलेली मातीची मुद्रा मिळाली. एका राणीचा अधिकार बोटभर मातीत शिक्का होऊन उरावा, ही गोष्ट मुलांना वंशावळीपेक्षा लवकर कळते.

केवळ जुने अवशेष पाहण्यासाठी, देवदर्शनाचा हेतू नसताना, एका दिवसाची वाट धरण्याचा प्रघात इंग्रजी अमलातील आहे, आणि त्याच्या आरंभीच एक दुर्घटना आहे. १८४५ मध्ये नागपुरास आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे भूगर्भशास्त्राचेही जाणकार होते. सप्टेंबर १८६३ मध्ये ते मध्य प्रांताचे अधिकारी रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत टाकळघाटची शिळावर्तुळे पाहण्यास गेले. परतताना मागे राहिलेले हिस्लॉप घोड्यासह नाल्याच्या पुरात सापडून बुडाले. शिळावर्तुळ म्हणजे मोठ्या दगडांचे कडे असलेले दफनस्थान; आतील मुरुम-गोट्यांच्या भरावाखाली अस्थी, मृद्भांडी व लोखंडी अवजारे मिळतात, आणि माहुरझरी येथे घोड्याच्या मुखावरील तांब्याची आभूषणेही मिळाली आहेत. काटोल रस्त्यालगतच्या जुनापाणी येथील वर्तुळांचे उत्खनन रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याने १८६७ मध्ये केले. तेथील काही दगडांवर कोरलेले लहान गोल खळगे उकिडवे बसून बोटांनी मोजता येतात. त्यांच्या मांडणीचा संबंध दिशांशी वा आकाशाशी असावा, असा विचार अभ्यासकांनी मांडला आहे.

ज्या वर्षी हिस्लॉप गेले त्याच १८६३ मध्ये नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय स्थापन झाले. लोकांनी त्याचे नाव ‘अजब बंगला’ ठेवले. पेंढा भरलेली जनावरे, शस्त्रे, मूर्ती आणि ताम्रपट यांची सरमिसळ पाहता ते चपखलच होते. १८७० मध्ये बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया येथे गुरे राखणाऱ्या दोन मुलांना जमिनीतून वर आलेला धातू दिसला आणि त्यातून ४२४ ताम्र-अवजारे व चांदीचे १०२ पातळ पत्रे उघड झाले. या साठ्याचा मोठा भाग लंडनला गेला, थोडा नागपुरात राहिला. इतिहास शोधून काढणारी कधी कधी मुलेच असतात, हे सांगणारी गुराख्यांची ही कथा दालनातील पाटीवर ठळकपणे यायला हवी.

सीताबर्डीचा किल्ला मात्र या सगळ्यांत वेगळा पडतो. नोव्हेंबर १८१७ मध्ये आप्पासाहेब भोसले व इंग्रज यांच्यात जेथे लढाई झाली ती ही टेकडी लष्कराच्या ताब्यात असल्याने प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन आणि स्वातंत्र्य दिन अशा मोजक्या दिवशीच सर्वांसाठी खुली होते, त्यामुळे शहराच्या मधोमध असूनही तेथे जाण्याचा बेत पंचांगाऐवजी सरकारी सुट्ट्यांच्या यादीवरून ठरतो.

रामटेकच्या बाबतीत ही अडचण नाही. एस. टी.त ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट पूर्वीपासून होते. २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील प्रवाशांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्याची सवलत मिळाल्याने पंचाहत्तरी ओलांडलेली आजी, आई आणि दोन मुले यांचा प्रवास दीड तिकिटात होतो. वाटेत मनसरला उतरल्यास १९९७-९८ पासूनच्या उत्खननात उघडी पडलेली विटांची बांधकामे पाहता येतात. नगरधनसाठी मात्र रामटेकहून वेगळे वाहन करावे लागते.