फिरती तबकडी आणि थांबलेली काठी



परवा एका मित्राकडे जुना रेकॉर्ड प्लेअर पाहिला. तबकडी फिरत होती, मी मोबाईलवर फोटो काढला. मित्र म्हणाला, "अरे, ही तर बंद दिसतेय!" खरंच. ३३⅓ची तबकडी एका फेऱ्याला १.८ सेकंद घेते. म्हणजे हजारांश सेकंदात ती जेमतेम ०.२ अंश सरकते, लेबलवरचं अक्षरन् अक्षर वाचता येतं. मग स्टँडवर कॅमेरा लावून एक-अष्टमांश सेकंद शटर उघडं ठेवलं. तेवढ्यात तबकडी २५ अंश फिरली. लेबलची अक्षरं पुसली गेली, सुईचा दांडा मात्र रेखीव राहिला. गंमत म्हणजे काळ्या भागात फारसा फरक नाही. खाचा गोलच, त्यामुळे फिरल्या तरी तशाच दिसतात, आणि वरची चमक दिव्याची असते, ती जागची हलत नाही. फिरणं कळतं ते फक्त लेबलवरून.

हा झगडा फोटोग्राफीइतकाच जुना आहे. १८३८ साली दागेरनं पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो घेतला. एक्स्पोजर काही मिनिटांचं. गाड्या, घोडे, माणसं सगळी गायब! उरला तो बूट पॉलिश करून घेणारा एक गृहस्थ आणि त्याचे बूट पुसणारा, कारण ते दोघंच एका जागी थांबले होते. फोटो खोटा नव्हता, पण रस्ता रिकामाही नव्हता.

मग १८५१ च्या जूनमध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट या गृहस्थानं उलटं टोक गाठलं. चाकावर 'टाइम्स'चा छापील कागद चिकटवला, चाक जोरात फिरवलं. खोलीत अंधार, कॅमेऱ्याची भिंग उघडी. लायडन जारमध्ये साठवलेली वीज सोडली, एक ठिणगी उडाली. संपलं. काचेवर अक्षरं वाचता येतील असा फोटो! शटर नव्हतंच, प्रकाशच क्षणभराचा होता. आजच्या फ्लॅशचं तत्त्व हेच. आणि गंमत बघा, वेगात फिरणारी पहिली गोठवलेली वस्तू वर्तमानपत्राचा कागद होती. आम्हा पत्रकारांना याचा अभिमान वाटायला हरकत नाही.

(हाच टॅल्बट आपल्या कॅलोटाइप पद्धतीच्या पेटंटसाठी कोर्टातही भांडला आणि १८५४ मध्ये ज्युरीनं निकाल त्याच्या विरोधात दिला. पण तो विषय वेगळा.)

पुढं अमेरिकेत १९३० च्या दशकात हॅरॉल्ड एजर्टन या इंजिनिअरनं चकाकणाऱ्या दिव्यानं फिरत्या मोटारी थांबलेल्या दाखवल्या. नंतर दुधाच्या थेंबाचा मुकुट, सफरचंदातून जाणारी गोळी. मोटार मात्र फिरतच होती, हे विसरायचं नाही.

आता मुद्द्यावर येतो. काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यात मोर्चा निघाला, थोडी धावपळ झाली. माझ्या फोटोत एका पोलिसाची काठी हवेत उचललेली आली. शटर हजारांश सेकंदाचं. काठी वर जातेय की खाली येतेय, काही कळत नव्हतं. फोटो छापला गेला. मोर्चेवाले म्हणाले, "मारलं." पोलीस म्हणाले, "फक्त धाक दाखवला." दोघांनीही पुरावा म्हणून माझाच फोटो पुढे केला. मी तिथं होतो, काठी दोनदा पडलेली मी पाहिली. पण फोटोत ते नव्हतं, आणि बातमीत मी ते लिहिलं नाही. फोटो बोलेल असं वाटलं होतं.

त्याच रोलमध्ये एक हललेला फोटोही होता. त्यात काठी नाही, नुसता पांढरा पट्टा, आणि मागं पळणारी माणसं ओढल्यासारखी. डेस्कनं तो "खराब" म्हणून बाजूला काढला. दिशा त्यातही कळली नसती, हे मान्य. पण काठी नुसती उचलून धरलेली नव्हती, एवढं तरी दिसलं असतं. ती निगेटिव्ह अजून माझ्याकडे आहे. स्कॅन करून पुढच्या पोस्टमध्ये टाकतो.