परसातला तलाव आणि हिवाळ्याचे कुलूप

अमेरिकेच्या ईशान्य भागात, म्हणजे न्यू यॉर्क, न्यू जर्सी, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स या राज्यांत, सप्टेंबरचा पहिला सोमवार, म्हणजे लेबर डे, उलटला की घरोघरी परसातले पोहण्याचे तलाव बंद करण्याची लगबग सुरू होते. न्यू जर्सीतल्या मराठी घरांनाही ‘पूल क्लोज करायचा’ हे काम आता नवे नाही. पाण्याचा सामू ७.२ ते ७.६च्या दरम्यान आणायचा, क्लोरीन आणि शेवाळनाशक सोडायचे, पाण्याची पातळी उतरवायची, हवेच्या दाबाने नळांतले पाणी फुंकून काढायचे आणि त्यांच्या तोंडांना रबरी बुचे मारायची. मग पंप, गाळणी आणि हीटर रिकामे करायचे, आणि शेवटी आच्छादन ताणून बांधायचे. तलाव मे महिन्यापर्यंत नजरेआड होतो. हे सारे हवामानामुळे करावे लागते, असेच सर्वसाधारणपणे मानले जाते. माझे म्हणणे वेगळे आहे. थंडीमुळे नळ रिकामे करावे लागतात हे खरे, पण तलाव वर्षाचे सात-आठ महिने कुलूपबंद राहतो तो सामाजिक इतिहासामुळे. तलाव सार्वजनिक होता तेव्हा हिवाळ्यातही त्याला काम होते. तो खासगी झाला आणि हिवाळ्यात निव्वळ जपून ठेवायची वस्तू होऊन बसला.

पहिला आक्षेप भौतिकशास्त्राचा आहे आणि तो वजनदार आहे. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते. जमिनीत उथळ गाडलेल्या नळात ते अडकले तर नळ फुटतो, पंपाच्या आवरणाला तडा जातो, काठाच्या फरश्या उखडतात. यात वादाला जागा नाही. पण थंडी आहे म्हणून पाणी निरुपयोगी ठरते, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. याच प्रदेशातल्या तळ्यांवर धरणारे बर्फ हे एकोणिसाव्या शतकात उत्पन्नाचे साधन होते. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने मॅसॅच्युसेट्सच्या तळ्यांतले बर्फ कापून, भुशात गुंडाळून जहाजांनी दूरदेशी पाठवले. १८३३मध्ये ते कलकत्त्याला पोहोचले, त्याच दशकात मुंबईलाही आले, आणि ते साठवायला मुंबईच्या कोटात बर्फघर बांधावे लागले. ज्या हिवाळ्याने मुंबईच्या श्रीमंतांचे पेले गार केले, तोच हिवाळा शंभर-सव्वाशे वर्षांनी परसातल्या तलावाचा वैरी ठरला. थंडी तीच होती. बदलले होते ते पाण्याभोवतीचे कुंपण.

१९३६च्या उन्हाळ्यात न्यू यॉर्क शहराने अकरा प्रचंड तलाव उघडले. उद्यान आयुक्त रॉबर्ट मोझेस यांनी केंद्र सरकारच्या रोजगार योजनेतून ते बांधून घेतले होते. ब्रुकलिनच्या मॅकॅरन पार्कातला तलाव एका वेळी ६,८०० माणसांना सामावून घेई. या तलावांच्या आखणीतली एक गोष्ट मला त्यांच्या आकाराहून मोलाची वाटते : वर्षातले जेमतेम तीन महिने वापरायची वास्तू उरलेले नऊ महिने ओस पडू नये, याचा विचार नकाशातच केलेला होता. पाणी सोडून दिले की कोरड्या कुंडात हँडबॉल, व्हॉलीबॉल, पॅडल टेनिस खेळता यावे, कपडे बदलण्याच्या प्रशस्त इमारतींची व्यायामशाळा व्हावी, अशी ती रचना होती. शहराचा पैसा गुंतला होता, म्हणून शहराला बारा महिने उपयोग हवा होता. तिथेही पोहण्याचा हंगाम संपत असेच, पण जागा बंद होत नसे.

मात्र या सार्वजनिक तलावांचे गुणगान आंधळेपणाने करता येणार नाही, कारण अमेरिकेतल्या बहुसंख्य शहरी तलावांची दारे काळ्या नागरिकांना बंद होती. सेंट लुईसच्या फेअरग्राउंड पार्कातला तलाव १९१३पासून फक्त गोऱ्यांचा होता. २१ जून १९४९ रोजी तो प्रथमच सर्वांना खुला झाला आणि त्याच दिवशी गोऱ्या जमावाने काळ्या मुलांवर हल्ले केले. पुढच्या वर्षी न्यायालयाच्या आदेशाने तो खुला ठेवावा लागला, तेव्हा गोऱ्यांनी त्याकडे पाठ फिरवली. इतिहासकार जेफ विल्ट्सी यांनी दिलेले आकडे बोलके आहेत : १९४८च्या उन्हाळ्यात तिथे ३,१३,००० वेळा लोक पोहून गेले होते, १९५०मध्ये केवळ १०,००० वेळा. १९५६मध्ये तो तलाव बंद झाला. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहराने तर एकत्र पोहू देण्यापेक्षा आपले तलाव चालवणेच सोडून दिले, आणि १९७१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्या निर्णयाला मान्यता दिली. या माघारीच्या काळातच परसातले तलाव वाढले. १९५०मध्ये अमेरिकेत जमिनीत खोदलेला खासगी तलाव सुमारे २,५०० कुटुंबांकडे होता. १९९९पर्यंत ती संख्या चाळीस लाखांवर गेली.

ही वाढ सुबत्तेमुळे झाली, वंशभेदाशी तिचा संबंध नाही, असे कोणी म्हणेल. सुबत्तेचा वाटा मोठा होता हे मान्य करायलाच हवे. युद्धानंतर उपनगरांत लाखो घरे झाली, परस मिळाले, सिमेंट फवारून तलाव घडवण्याचे तंत्र आणि नंतर व्हिनाइलचे अस्तर यांमुळे खर्च उतरला. परंतु सुबत्ता आली म्हणून तलाव खासगीच व्हायला हवा होता असे नाही. लाँग आयलंडवरच्या लेव्हिटटाऊनमध्ये विकासकाने रहिवाशांसाठी नऊ सामाईक तलाव बांधले होते, आणि त्याच वसाहतीच्या करारांत काळ्या कुटुंबांना राहण्यास मज्जाव होता. म्हणजे एकत्र पोहण्याची हौस शिल्लक होती. कोणाबरोबर पोहायचे, हे ठरवण्याचा हक्क लोकांना हवा होता. परसातल्या तलावाने तो हक्क पुरता मिळवून दिला, आणि त्याची किंमत म्हणून देखभालीचे सगळे ओझे एका कुटुंबावर आले.

हे ओझे हिवाळ्यात का जाचक होते, ते तलावाच्या बांधणीत दिसते. खासगी तलाव सहसा रिकामा ठेवता येत नाही. जमिनीत भूजल वर आले तर रिकामे कवच खालच्या दाबाने उचलले जाते, अगदी जमिनीतून वर येते. व्हिनाइलचे अस्तर पाण्याचा भार गेला की आक्रसते, सुरकुत्या पडून फाटते. म्हणून पाणी आतच ठेवून त्याला औषधे द्यावी लागतात, झाकावे लागते, वितळलेल्या बर्फाचे पाणी आच्छादनावरून उपसावे लागते. खेळायला कोरडे कुंड नाही आणि पोहायला उघडे पाणीही नाही. जॉन चीव्हरच्या ‘द स्विमर’ या १९६४च्या कथेत नायकाला वाटेत एक कोरडा तलाव लागतो, आणि त्या घरासमोरच्या झाडावर ‘विकणे आहे’ अशी पाटी असते. उपनगरात रिकामा तलाव म्हणजे घर उठले. मोझेसच्या कुंडात रिकामेपणाचा अर्थ खेळ सुरू झाला असा होता. पुढे १९७०च्या दशकातल्या दुष्काळात दक्षिण कॅलिफोर्नियातले परसातले तलाव कोरडे पडले, तेव्हा स्केटबोर्डवाल्या पोरांनी कुंपणे ओलांडून त्यांच्या गोल भिंतींवर आपली कला घडवली. त्यासाठी त्यांना दुसऱ्याच्या हद्दीत घुसावे लागले, हे विसरता येत नाही.

बंद करण्याची तारीखही हवामानाने ठरवलेली नाही. पाणी सातत्याने १५-१६ अंश सेल्सियसच्या खाली गेल्यावर तलाव बंद करावा, कारण मग शेवाळाची वाढ मंदावते, असा जाणकारांचा सल्ला असतो. ईशान्येत ही वेळ बहुधा सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरात येते. तरीही पुष्कळ तलाव लेबर डे उलटताच झाकले जातात. १८९४पासून राष्ट्रीय सुट्टी असलेला हा दिवस शाळा, जीवरक्षकाचे काम करणारी कॉलेजची मुले आणि नगरपालिकेचे नोकर यांच्या वेळापत्रकाशी बांधलेला होता. परसात ना जीवरक्षक ना पगारी नोकर. तरी सार्वजनिक तलावाची तारीख तेवढी परसाने घेतली, त्याचा हिवाळा मात्र घेतला नाही.

मुलांच्या सुरक्षिततेचा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. अमेरिकेत एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंचे पहिले कारण बुडणे हे आहे. सुरक्षा-आच्छादनांसाठी १९९१पासून प्रमाण आहे : आठ फुटांहून रुंद तलावावरच्या आच्छादनाने ४८५ पौंड, म्हणजे सुमारे २२० किलो भार पेलला पाहिजे. दोन मोठी माणसे आणि एक मूल असा हा हिशेब आहे. असे आच्छादन ताणून बसवणाऱ्या घरमालकाला नावे ठेवण्याचे काही कारण नाही. ते त्याचे कर्तव्य आहे. पण ज्या धोक्यावर सार्वजनिक तलाव पहारा ठेवून मात करत असे, त्यासाठी आता प्रत्येक घराला स्वतंत्र झाकण विकत घ्यावे लागते, ही गोष्ट माझ्या मुद्द्याला बळच देते.

थंडी आणि सार्वजनिक पाणी यांचे जमू शकते, याचा पुरावा मॅनहॅटनमध्येच आहे. सेंट्रल पार्कच्या उत्तर टोकाला, हार्लेमलगत, १९६६मध्ये लास्कर तलाव उघडला. उन्हाळ्यात तिथे लोक पोहत आणि हिवाळ्यात त्याच जागी कृत्रिमरीत्या बर्फ गोठवून स्केटिंग करत. ती वास्तू पाडून तिथे उभारलेले डेव्हिस सेंटर एप्रिल २०२५मध्ये खुले झाले. तिथले कुंड उन्हाळ्यात पोहण्याचा तलाव असते, हिवाळ्यात बर्फाचे मैदान होते, आणि मधल्या दोन ऋतूंत त्यावर हिरवळ अंथरली जाते.